मोबाईलवरील जलद वार्तावाचकाची निवड

शेतकऱ्यास बातमी ही नुसती करमणुकीची वस्तु नव्हे. पाऊस, बाजारभाव, सरकारी हुकूम आणि जमिनीसंबंधींच्या नोटिसा, या चार प्रकारच्या बातम्या वेळेवर कळल्या तरच त्यांचा उपयोग. उशिरां कळलेली बातमी न कळल्यासारखीच. चाकणच्या बाजारांत कांदा नेणाऱ्या, पवन मावळांत भात कापून खाचरांत पसरणाऱ्या, किंवा तळेगांवच्या माळावर हरितगृहांत गुलाब घेणाऱ्या आमच्या सभासद बंधूंस हें निराळें सांगावयास नको. आतां बहुतेकांच्या खिशांत स्मार्टफोन आला आहे. तथापि आपणांस बातमी लवकर मिळते, कीं नुसती पुष्कळ मिळते, याचा विचार थोडेच लोक करितात.

कित्येक सभासदांनीं आम्हांस विचारलें कीं, "बातम्या वाचण्यास जलद ॲप कोणतें घ्यावें?" एखादें नांव सांगून या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत देतां येईल. परंतु नांवें बदलतात, दुकानें उघडतात आणि बंदहि होतात. ज्यास पारख आली तो मात्र सहसा फसत नाहीं. बैल घेतांना आपण विक्रेत्याचें बोलणें ऐकून न घेतां दांत, खूर व चाल पाहतों. तीच रीत येथें लावावयाची आहे. सबब ही पारख कशी करावी, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

एक जुना अनुभव

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. फेरफाराची नोंद झाली कीं तिची नोटीस चावडीवर लागे व हितसंबंधितांस बजावली जाई. हरकत घेण्यास कायद्याप्रमाणें पंधरा दिवसांची मुदत. कागद घरीं असलेला भाऊ घेई आणि सदऱ्याच्या खिशांत विसरे. दुसरा भाऊ कारखान्याच्या पाळीवर असे. मग विसाव्या दिवशीं तो घाम पुसत कचेरींत येई आणि म्हणे, "भाऊसाहेब, मला आजच कळलें." आम्ही मुदत संपल्याचें सांगत असूं, आणि आतां अपील करण्यावांचून इलाज नाहीं म्हणून वरच्या कचेरीचा रस्ता दाखवीत असूं. नियमाप्रमाणें त्यांत आमचें कांहीं चुकलें नाहीं. परंतु ते चेहरे अद्यापि डोळ्यांपुढून हालत नाहींत. कागद फलकावर होता; फलकापासून त्या माणसापर्यंतची वाट मात्र कोणीं बांधलेली नव्हती. वार्तावाचकाकडे आम्ही पाहतों तें याच दृष्टीनें. ही वाट बांधण्याचें तें एक साधन आहे; त्याहून कमी नाहीं व जास्तहि नाहीं.

वार्तावाचक म्हणजे काय

प्रत्येक सरकारी कचेरींत आवक-जावक बारनिशी असते. बाहेर गेलेल्या प्रत्येक कागदाचा क्रमांक, तारीख, विषय व पत्ता जावक बारनिशींत लिहिलेला असतो. पुष्कळशीं वृत्तपत्रें व संस्था आपल्या संकेतस्थळावर अगदीं अशीच एक लहानशी यादी ठेवितात. नवीन बातमी निघाली कीं तिचा मथळा, थोडक्यांत आशय, वेळ आणि मूळ लेखाचा पत्ता त्या यादींत आपोआप चढतो. या यादीस फीड म्हणतात, आणि ती लिहिण्याच्या ठरीव पद्धतीस आर.एस.एस. असें नांव आहे. ही पद्धत प्रथम १९९९ सालीं अमेरिकेंतील नेटस्केप कंपनीनें काढली. ती कोणा एकाच्या मालकीची नसून सर्वांस खुली आहे, म्हणूनच ती इतकीं वर्षें टिकली.

वार्तावाचक ॲप म्हणजे आपली स्वतःची आवक बारनिशी होय. आपण सांगितलेल्या संस्थांच्या जावक याद्या तें वेळोवेळीं तपासतें, आणि नवीन नोंदी तेवढ्या तारीखवार आपल्यापुढें मांडतें. कोणाची यादी तपासावयाची तें आपण ठरवावयाचें. तयार बातम्या पुरविणाऱ्या ॲपांत नेमकें हेंच आपल्या हातीं राहात नाहीं. तेथें कोणती बातमी वर यावी तें कंपनी ठरविते, आणि आपण काल काय उघडलें त्यावरून आज काय दाखवावें याचा अंदाज बांधते. काल क्रिकेटचा सामना पाहिला म्हणून आज कांद्याचा हुकूम खालीं गेला, तर तो दोष वाचकाच्या माथीं येतो आणि नुकसानहि त्याचेंच होतें.

वेग तीन प्रकारचा

'जलद' या एका शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय निवड होणार नाहीं.

पहिला वेग आणण्याचा. बातमी निघाल्यापासून ती आपल्या फोनांत येईपर्यंत किती काळ जातो? ॲप याद्या किती वेळानें तपासतें, यावर तें अवलंबून आहे. अर्ध्या तासानें तपासणारें ॲप कितीहि चपळ दिसलें तरी बातमी अर्धा तास शिळी असूं शकते. उलट दर मिनिटास तपासणी ठेविल्यास फोनची बॅटरी दुपारपर्यंतहि पुरावयाची नाहीं. आमच्या मतें बाजाराच्या दिवसांत दर तासानें व एरवीं दिवसांतून चार वेळां तपासणी पुरेशी आहे. चांगलें ॲप तपासतांना "मागील खेपेनंतर कांहीं बदल आहे काय?" एवढेंच आधीं विचारतें; बदल नसल्यास तेवढेंच उत्तर येतें व सबंध यादी पुन्हां उतरवून घ्यावी लागत नाहीं. यानें वेळ वांचतो व डेटाहि वांचतो.

दुसरा वेग उघडण्याचा. बोट लावल्यापासून अक्षरें दिसेपर्यंत किती वेळ जातो? येथें बहुधा मोठीं चित्रें, आपोआप चालूं होणाऱ्या चित्रफिती व जाहिराती आड येतात. जें ॲप नुसता मजकूर दाखवितें, चित्रें बंद करूं देतें, आणि लेख अगोदरच उतरवून ठेवितें, तेंच जुन्या फोनवर जलद चालतें. आंदर मावळ किंवा नाणे मावळ यांच्या डोंगरांच्या कुशींत फोनची रेंज वारंवार जाते, हें तेथील बंधूंस ठाऊकच आहे. बांधावर बसून वाचणाऱ्यास लेख आधींच फोनांत असणें हाच खरा वेग.

तिसरा वेग सांपडण्याचा; आणि हाच सर्वांत महत्त्वाचा असून याकडेच कोणी लक्ष देत नाहीं. शंभर मथळ्यांतून आपल्या कामाचा एक मथळा हुडकण्यास किती वेळ लागतो? ॲपनें शंभर बातम्या दोन क्षणांत आणल्या आणि आपण पाऊण तास त्यांत बोट फिरवीत बसलों, तर वेग कोणाचा झाला? येथें ॲपपेक्षां यादीची आंखणी कामास येते. तिचा विचार पुढें केला आहे.

दोन जाती

वार्तावाचक ॲपें मुख्यतः दोन जातींचीं आहेत. पहिल्या जातीचें ॲप फोनवरूनच प्रत्येक संस्थेची यादी तपासतें. त्यास खातें उघडावें लागत नाहीं. अँड्रॉइड फोनवरील 'फीडर' हें या जातीचें असून तें विनामूल्य आहे व त्याची घडण सर्वांस पाहण्यास खुली आहे. आयफोनवर 'नेटन्यूजवायर' हें तसेंच विनामूल्य व खुलें ॲप आहे. दुसऱ्या जातींत कंपनीचा दूरचा संगणक सर्व याद्या फिरून गोळा करितो व आपल्या फोनास एकच गठ्ठा देतो. 'फीडली' व 'इनोरीडर' हीं या जातीचीं होत. यांत खातें काढावें लागतें, विनामूल्य वर्गांत कांहीं मर्यादा असतात व पुष्कळ सोयींसाठीं वर्गणी पडते.

दहावीस फीड वाचणाऱ्या शेतकऱ्यास पहिली जात पुरते. दीडदोनशें फीड असल्यास, किंवा एकच यादी फोन व संगणक या दोन्हींवर हवी असल्यास दुसरी जात जलद पडते. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या फीडचे वाचक थोडे, तिच्याकडे कंपनीचा संगणक क्वचितच फिरकण्याचा संभव असतो. आपल्या तालुक्याची बातमी देणारी फीड ही बहुधा थोड्या वाचकांचीच असते.

यादी आपली, आपल्या ताब्यांत

गूगल कंपनीनें २००५ सालीं 'रीडर' नांवाचें असेंच साधन काढलें होतें. जगभर तें अतिशय लोकप्रिय झालें. तथापि १ जुलै २०१३ रोजीं कंपनीनें तें बंद केलें. ज्यांनीं आपली यादी उतरवून घेतली होती ते दुसऱ्या दिवशीं नव्या साधनांत बसले. म्हणून निवड करितांना पहिला प्रश्न असा विचारावा कीं, माझी यादी मला बाहेर काढून नेतां येईल काय? चांगल्या वार्तावाचकांत ही सोय असते. तिच्या फाइलीस ओ.पी.एम.एल. म्हणतात. बियाणें स्वतःचें राखून ठेविलें कीं दुकान बंद झालें तरी पेरणी चुकत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार आहे.

पारख कशी करावी

बियाण्याची उगवण पाहण्यास आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितों व उगवलेले मोजतों. पुडक्यावरील चित्रावर विसंबत नाहीं. ॲपचाहि असाच प्रयोग आठ दिवस करावा. रीत पुढीलप्रमाणें :

१. एकाच फोनवर दोन ॲपें घ्यावीं व दोहोंत त्याच दहा फीड घालाव्या.

२. सकाळीं घरीं दोन्हीं ॲपें आळीपाळीनें ताजीं करून, मथळे येण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहून वहींत लिहावें.

३. नंतर फोन विमान मोडवर टाकून शेतांत जावें. तेथें किती लेख पूर्ण उघडतात व कितींचा नुसता मथळा दिसतो तें मोजावें.

४. देवनागरी अक्षर उन्हांत, चष्म्यानिशीं व चष्म्याविना वाचतां येतें काय, व तें मोठें करितां येतें काय, तें पाहावें. जोडाक्षरें फुटून दिसत असल्यास तें ॲप सोडून द्यावें.

५. आठवड्याच्या शेवटीं फोनच्या सेटिंगांत जाऊन प्रत्येक ॲपनें किती डेटा व किती बॅटरी खाल्ली तें पाहावें.

६. पडद्याआड तपासणी खरोखरच होते काय, याची खात्री करावी. कित्येक फोन बॅटरी राखण्यासाठीं न उघडलेलीं ॲपें झोंपवून ठेवितात. मग बातमी आपण ॲप उघडल्यावरच येते. अशा वेळीं त्या ॲपवरील बॅटरीचा निर्बंध सेटिंगांतून काढावा.

आम्हीं हा प्रयोग एका जुन्या फोनवर केला. घरीं सर्वांआधीं उघडलेलें ॲप शेतांत मथळ्यांपलीकडे कांहींच दाखवीना; घरीं मंद वाटलेलें दुसरें ॲप तेथें सबंध लेख दाखवीत होतें. घरच्या वायफायवर पाहिलेला वेग हा गोठ्यांत बांधलेल्या बैलाच्या दिसण्यासारखा आहे. चाल समजते ती नांगरास जुंपल्यावर.

यादीची आंखणी

सर्व फीड एकाच ढिगांत ठेवूं नयेत. आमच्याकडे तीन कप्पे आहेत : 'आज पाहणें', 'आठवड्यांत पाहणें' आणि 'सवडीनें'. पहिल्या कप्प्यांत सहापेक्षां जास्त फीड असूं नयेत, व सूचनेची घंटी त्याच कप्प्यास ठेवावी. केंद्र सरकारचें पत्र सूचना कार्यालय आपलीं प्रसिद्धिपत्रकें फीडच्या रूपानें देतें. ती फीड पहिल्या कप्प्यांत घालावी. त्याखालीं आपल्या विश्वासाचें एक मराठी दैनिक व एक शेतीविषयक पत्र घालावें. फीडचा पत्ता माहीत नसल्यास संकेतस्थळाचा पत्ता ॲपमध्यें टाकावा. बहुतेक ॲपें तेथील फीड आपण होऊन शोधतात. जी फीड महिनाभरांत एकदांहि कामास आली नाहीं ती काढून टाकावी. निंदणी केल्याविना पीक वाढत नाहीं.

कांहीं कामें मात्र वार्तावाचकाचीं नव्हेत. वीज पडण्याचा इशारा घटकाभरांत हवा. त्यासाठीं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' व राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाचें 'सचेत' हीं ॲपें निराळीं ठेवावीं. पीकनिहाय हवामान सल्ल्यासाठीं 'मेघदूत' आहे. फेरफाराच्या नोटिसांसाठीं महाभूमीचें 'आपली चावडी' हें संकेतस्थळ आपण स्वतः उघडून पाहावें.

भूमिसंपादनाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण आमच्या या पट्ट्यांत तो प्रश्न घरोघरीं आहे. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यान्वयें निघणारी प्राथमिक अधिसूचना राजपत्रांत, दोन दैनिकांत व संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी लागते, आणि हरकतीस ६० दिवस मिळतात. औद्योगिक विकास महामंडळासाठीं होणाऱ्या संपादनास १९६१ चा निराळा कायदा आहे. तेथें मुदत त्या नोटिशींतच पाहावी. वार्तावाचकांत गांवाचें नांव शोधून ठेविल्यास बातमी लवकर लागण्याचा संभव वाढतो. परंतु दैनिकांतील छापील जाहीर नोटीस फीडमध्यें येईलच असें नाहीं. सबब ॲप घेतलें म्हणून चावडीवर जाणें सोडूं नये.

वेगवान बातमी आणि खरी बातमी

आतां जें सांगावयाचें आहे तें या लेखाचें सार होय. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. १८ फेब्रुवारी २०२४ रोजीं बंदी उठविल्याच्या बातम्या सर्वत्र पसरल्या. लासलगांवच्या बाजारांत १७ तारखेस क्विंटलास १२८० रुपये असलेला सर्वसाधारण भाव १९ तारखेस १८०० वर गेला. २० तारखेस केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनीं स्पष्ट केलें कीं, बंदी उठलेली नाहीं, ती चालूच आहे. पुढें २२ मार्च रोजीं ती बेमुदत वाढविण्यांत आली, आणि प्रत्यक्ष उठली ती ४ मे २०२४ रोजीं. तीहि टनास ५५० डॉलरांची किमान निर्यात किंमत व ४० टक्के शुल्क ठेवून.

या तीन दिवसांत बातमीस वेग कमी होता काय? मुळींच नाहीं. हातोहातीं पुढें ढकललेल्या संदेशांनीं ती क्षणांत गांवोगांव पोंचविली. परंतु त्या संदेशावर ना आवक क्रमांक, ना तारीख, ना कोणाची सही! असा कागद आमच्या टेबलावर आला असता तर आम्हीं तो दप्तरीं दाखल करून घेतला नसता. १९ तारखेचा संदेश ज्यास २१ तारखेस मिळाला, आणि ज्यानें त्यावर भिस्त ठेवून टेंपो ठरविला व वखारींतला माल काढला, त्याच्या हाल-नुकसानीची कल्पना वाचकांनींच करावी. उलट ज्याच्या यादींत सरकारी प्रसिद्धिपत्रकाची फीड होती, त्यास 'बंदी उठली' असें म्हणणाऱ्या बातमीशेजारीं सरकारचें पत्रक आलेलें नाहीं, एवढें तरी दिसण्यासारखें होतें. निर्णयाची बातमी आली आणि निर्णयाचा कागद आला नाहीं, तर थांबावें, हा कचेरींतला जुना शहाणपणा आहे. वार्तावाचकाचा खरा लाभ हाच कीं, प्रत्येक बातमीपुढें कोणीं दिली व केव्हां दिली हे दोन रकाने भरलेले असतात. ते वाचण्याची संवय मात्र आपली आपणच लाविली पाहिजे.

उपसंहार

सारांश, जें ॲप यादी आपल्या हातीं ठेवितें, बातम्या तारीखवार मांडतें, रेंज गेल्यावरहि सबंध लेख दाखवितें, चित्रें व जाहिराती यांचें ओझें लादीत नाहीं, आणि सोडतांना आपली यादी परत देतें, तें घ्यावें. मग त्याचें नांव कांहीं का असेना. आठ दिवस प्रयोग करावा, वहींत लिहावें, आणि मगच एक ठेवून दुसरें काढून टाकावें. ज्यांस अक्षर लहान दिसतें किंवा यादी घालणें जमत नाहीं, अशा वडील मंडळींस घरांतील मुलांनीं पहिल्या दिवशीं हात द्यावा. परंतु कोणत्या फीड घालावयाच्या तें मात्र ज्याची शेती त्यानेंच ठरवावें.

ज्या सभासदांनीं हा प्रयोग करून पाहिला असेल त्यांनीं आपल्या वहींतील नोंदी पुढील बैठकीस आणाव्या, अशी विनंती आहे. चार गांवच्या नोंदी एकत्र पाहिल्या म्हणजे आमच्या मावळांत कोणती वाट पक्की व कोणती कच्ची तें सर्वांस कळेल, आणि विसाव्या दिवशीं घाम पुसत कचेरींत येण्याची पाळी निदान कांहीं बंधूंवर तरी येणार नाहीं.